मनोभिघात आणि मंत्रचळ : हेतुविचार व चिकित्सकाची सावधता

प्रास्ताविक

व्याधीचे ज्ञान हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच मार्गांनी करून घ्यावे, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. शारीर व्याधींच्या बाबतीत आपण तो कटाक्षाने पाळतो. आमवाताचा रुग्ण आला की त्याचा आहार, विहार, अग्नी, राहण्याची जागा या साऱ्यांची विचारपूस होते. मानस व्याधींच्या बाबतीत मात्र दिसलेल्या लक्षणाला नाव द्यायचे आणि नावावरून कल्प लिहून द्यायचा, अशी घाई पुष्कळदा होते. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ती झालेली आहे व तिची हकीकत पुढे रुग्णवृत्तात दिली आहे. ज्याला आपल्याकडे 'मंत्रचळ' म्हणतात आणि आधुनिक वैद्यक ज्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, संक्षेपाने ओसीडी म्हणते, त्या व्याधीचा मनावरील आघाताशी काय संबंध आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा संबंध केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. तो ओळखला न गेल्यास योग्य वाटणारी चिकित्साही रुग्णाला अपाय करू शकते.

मंत्रचळाचे स्वरूप

नको असलेला विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी मनात वारंवार शिरते, ती अस्वस्थ करते, आणि ती शमविण्यासाठी एखादी कृती पुनःपुन्हा केल्यावाचून रुग्णाला राहवत नाही. हात धुणे, कुलूप व गॅसची कळ तपासणे, वस्तू एका रांगेत लावणे, मोजणे ही दिसणारी कृत्ये होत. मनातल्या मनात नामजप करणे, झालेला प्रसंग पहिल्यापासून आठवून पाहणे, ही न दिसणारी कृत्ये होत. यांत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जात असेल किंवा संसार, नोकरी, शिक्षण यांत अडथळा येत असेल तर तो व्याधी समजावा, असा आधुनिक संकेत आहे. दर शंभरांत सुमारे दोन व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. बहुतेकांत त्याची सुरुवात किशोरवय किंवा तारुण्याचा पूर्वार्ध यांत होते.

आपल्या समाजात सोवळ्याची परंपरा असल्याने येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सोवळे पाळणारी आजी पूजा आटोपली की निश्चिंत मनाने जेवावयास बसते. तिच्या आचाराला आरंभ आहे व शेवटही आहे. मंत्रचळाच्या रुग्णाला शेवट सापडत नाही. धुऊन झाले तरी 'झाले' ही प्रतीती येत नाही. आचार श्रद्धेने केला जातो, मंत्रचळातील कृती भीतीने होते. कृती किती वेळा झाली यापेक्षा ती थांबविता येते का आणि थांबल्यावर मनाचे काय होते, हे विचारणे म्हणून अधिक उपयुक्त ठरते.

मनोभिघात : प्राचीन व अर्वाचीन

मनावरील आघात ही कल्पना आपल्याला नवी नाही. चरकाचार्यांनी उन्मादचिकित्सेच्या अध्यायात (चिकित्सास्थान, अध्याय ९) भय व हर्ष यांमुळे होणारा मनोभिघात हा उन्मादाचा हेतू म्हणून सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ६२व्या अध्यायात उन्मादाचे सहा प्रकार मानून त्यांत मानस दुःखाने होणारा प्रकार स्वतंत्र गणला. त्याची कारणे देताना चोर, राजपुरुष, शत्रू यांनी दिलेला त्रास, धनाचा अथवा आप्तांचा नाश अशी उदाहरणे त्यांनी दिली आहेत आणि अशा व्यक्तीचे मन खोलवर क्षत झालेले असते असे म्हटले आहे. शल्यतंत्राच्या आचार्याने मनाच्या बाबतीत 'क्षत' ही कल्पना वापरावी, हे अर्थपूर्ण आहे. क्षत म्हटले की शोधन, रोपण आणि क्षताला पुनःपुन्हा धक्का लागू न देणे, या तिन्ही गोष्टी ओघाने आल्या.

पाश्चात्त्य वैद्यकात हा विषय प्रामुख्याने युद्धांमुळे पुढे आला. पहिल्या महायुद्धातील सैनिकांची स्थिती 'शेल शॉक' या नावाने ओळखली गेली. १९८० साली अमेरिकन मानसरोगवर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हा व्याधी प्रथम समाविष्ट झाला. त्या वेळी तो आणि ओसीडी हे दोन्ही चिंताविकारांच्या एकाच प्रकरणात होते. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत दोहोंना तेथून काढून स्वतंत्र प्रकरणे दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, तिनेही हाच मार्ग धरला. ग्रंथात प्रकरणे वेगळी झाली, तरी रुग्णाच्या ठिकाणी दोन्ही व्याधी एकत्र नांदू शकतात.

संप्राप्तीचा विचार

मंत्रचळाला आयुर्वेदात कोणते नाव द्यावे, यावर मतभेद आहेत. अनेक लेखक त्याचे साम्य अतत्त्वाभिनिवेशाशी दाखवितात. चरकाचार्यांनी अपस्मारचिकित्सेच्या अखेरीस (चिकित्सास्थान, अध्याय १०) वर्णिलेल्या या महागदात रज-तमाने आवृत झालेल्या मनुष्याची बुद्धी नित्य-अनित्य, हित-अहित यांविषयी विपरीत होते. परंतु मंत्रचळाचे बहुसंख्य रुग्ण स्वतःच सांगतात, "हे वेडेपणाचे आहे हे मला कळते, पण थांबता येत नाही." कळते, म्हणजे धी बऱ्याच अंशी शाबूत आहे. थांबता येत नाही, म्हणजे धृतीचा भ्रंश आहे. कारण अहित विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरणे हे धृतीचे कार्य होय. 'कुलूप लावले हे आठवते, पण त्या आठवणीवर भरवसा वाटत नाही' असे सांगणाऱ्या रुग्णात स्मृतीचा भ्रंश दिसतो. नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट व किंट या संशोधकांनी २००३ साली प्रयोगाने दाखविले की एकच गोष्ट पुनःपुन्हा तपासल्याने स्मरणाची अचूकता फारशी घटत नाही, त्यावरील विश्वास मात्र घटतो. तपासणे हेच संशयाचे खाद्य ठरते.

यास्तव मंत्रचळाचा आरंभ धृति-स्मृतिभ्रंशाने होतो आणि काही रुग्णांत तो पुढे धीभ्रंशापर्यंत, म्हणजे अतत्त्वाभिनिवेशासदृश अवस्थेपर्यंत जातो, असे मानणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते. आधुनिक वर्गीकरणातही रुग्णाची जाणीव चांगली, अल्प किंवा लुप्त आहे, हे निदानासोबत नोंदविण्याची पद्धत आहे.

आता आघात यात कोठे बसतो? भय व शोक वायूचा प्रकोप करतात, हे आपण जाणतो. वायूचा चल गुण व रजाची प्रवृत्ती यांनी विचाराला न थांबणारी गती मिळते; तम त्यावर आवरण घालून 'काम पुरे झाले' ही प्रतीती येऊ देत नाही. आधुनिक मानसशास्त्र हीच घटना दोन पायऱ्यांनी मांडते. प्रथम एखाद्या वस्तूशी भीती जोडली जाते. नंतर ती भीती टाळण्याची कृती क्षणभर आराम देते आणि त्या आरामामुळेच ती कृती दृढ होते. इंग्लंडमधील पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ साली यात आणखी एक दुवा जोडला. अनर्थ घडला तर त्याला सर्वस्वी मीच जबाबदार, अशी वाढलेली उत्तरदायित्वाची भावना मंत्रचळाच्या मुळाशी असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आघातातून वाचलेल्या माणसाच्या मनात 'मी तेव्हा सावध असतो तर' हे वाक्य किती खोल रुतलेले असते, हे ज्यांनी असे रुग्ण पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको.

चतुर्विध हेतू आणि आघात

आघातामुळे मंत्रचळ होतो का, या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एकेरी उत्तर देता येत नाही. मधुकोशकारांनी हेतूचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी व प्राधानिक असे चार भेद केले आहेत. आधुनिक निरीक्षणे या चौकटीत ठेवली असता बराच उलगडा होतो.

प्राधानिक हेतू हा विषाप्रमाणे स्वबलाने व्याधी उत्पन्न करतो. २००५ साली इस्रायलमधील सासन व सहकाऱ्यांनी १३ माजी सैनिकांचे वृत्त प्रसिद्ध केले. युद्धसेवेतील आघातानंतर त्यांच्यात आघातोत्तर ताणविकारासोबत ओसीडीही उद्भवला होता. अशा रुग्णांत आघाताचे कारणत्व नाकारणे कठीण आहे.

सन्निकृष्ट हेतू म्हणजे निकटचा. मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा यांनी मेलनी मार्क्स यांच्यासह १९९९ साली लंडनहून मांडलेल्या रुग्णवृत्तांत आघात व त्यापाठोपाठ आलेला मंत्रचळ यांचा अनुबंध दिसतो. कृतीचा विषय पुष्कळदा आघाताच्या विषयाशी जुळलेला असतो. आपल्याकडेही शॉर्टसर्किटने दुकान जळालेला गृहस्थ पुढे रोज रात्री चार-चार वेळा उठून विजेचे खटके तपासतो, तेव्हा हेतू व लक्षण यांची साखळी उघड दिसते.

विप्रकृष्ट हेतू दूरचा असतो. हेमंतात साचलेला कफ वसंतात प्रकुपित व्हावा, त्याप्रमाणे वर्षानुवर्षे दबलेला आघात एखाद्या व्यंजक हेतूने उसळतो. ओळखण्यास सर्वांत कठीण हाच प्रकार. स्टॅन्ली राखमन यांनी १९९४ साली 'मनाचे दूषण' ही संकल्पना मांडली. यात घाण वस्तूला स्पर्श न होताही आतून मलिन झाल्याची भावना होते आणि तिचा उगम बहुधा एखाद्या वस्तूत नसून माणसाकडून झालेल्या अपमानात, विश्वासघातात किंवा अत्याचारात असतो. फेअरब्रदर व राखमन यांनी २००४ साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात ही भावना व धुण्याची ऊर्मी यांची नोंद केली.

व्यभिचारी हेतू दुर्बल असतो, तो एकटा व्याधी घडवू शकत नाही. आघात सोसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना मंत्रचळ होत नाही. उलट क्रोमर व सहकाऱ्यांनी २००७ साली २६५ ओसीडी रुग्णांची पाहणी केली तेव्हा ५४ टक्के रुग्णांनी किमान एक आघातकारक घटना सांगितली व अशांत व्याधीची तीव्रता अधिक आढळली. याचाच अर्थ उरलेल्या ४६ टक्क्यांत अशी घटना नोंदली गेली नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा दिसतो. म्हणून प्रत्येक मंत्रचळामागे आघात असलाच पाहिजे असे गृहीत धरून रुग्णाला खोदून खोदून विचारणे, हाही प्रज्ञापराधच होय.

रुग्णवृत्त

(रुग्णेची ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.)

एक ३६ वर्षांची विवाहित स्त्री दोन्ही हातांना भेगा, कंडू व दाह या तक्रारींसाठी चिकित्सालयात आली. विचर्चिका असे निदान करून क्वाथ, रक्तप्रसादक कल्प व बाह्य उपचारार्थ शतधौत घृत दिले. तीन महिन्यांत उपशय नाही. चौथ्या भेटीत पतीने सांगितले, "डॉक्टर, ही दिवसातून चार-चार तास मोरीत असते. साबणाची वडी दोन दिवसांत संपते." तेव्हा मंत्रचळाचे निदान झाले. येथपर्यंत झालेली चूक विलंबाची होती. पुढची अधिक गंभीर होती. पाणी मोजून द्यावे, मोरीला कुलूप लावावे, असा सल्ला प्रस्तुत लेखकाने घरच्यांना दिला. आठवड्याभरात रुग्णेची झोप गेली, अन्न सुटले आणि एका रात्री ती विहिरीच्या दिशेने निघाली असता दिराने तिला परत आणले. निद्रेसाठी शिरोभ्यंग व सर्वांग अभ्यंग योजला. परिचारिकेने खांद्याला हात लावताच रुग्णा थरथरू लागली आणि उठून बाहेर गेली.

त्या दिवशी औषधाचा विषय बाजूला ठेवून, दार उघडे व परिचारिका जवळ असताना, तिला एवढेच म्हटले, "ताई, माझे काहीतरी चुकले. तुम्हाला सांगावेसे वाटेल तेवढेच सांगा, नाही सांगितले तरी चालेल." ती त्या दिवशी काही बोलली नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या भेटीत म्हणाली, "घाण हाताला नाहीच हो. ती आत आहे. पाणी तिथवर जात नाही."

विवाहापूर्वी, तेविसाव्या वर्षी, माहेरच्या परिचयातील एका व्यक्तीने तिच्यावर अत्याचार केला होता. तिने तो कोणालाही सांगितला नव्हता. पुढे बारा वर्षे संसार सुरळीत चालला. मग शेजारच्या एका बारशाला तीच व्यक्ती आली, या घरीही येऊन बसली आणि चहा पिऊन गेली. त्या दिवशी तिने तो कप सात वेळा धुतला. नंतर कपाट, ओटा, कपडे आणि शेवटी स्वतःचे हात. आघात विप्रकृष्ट हेतू, ती भेट व्यंजक हेतू आणि धुणे हे लक्षण. आम्ही तीन महिने लक्षणाच्याही उपद्रवाला, म्हणजे त्वचेच्या भेगांना, व्याधी समजून चिकित्सा करीत होतो. मोरीला कुलूप लावले तेव्हा आठवणी थोपवून धरण्याचा तिचा एकमेव बांध, तो कितीही चुकीचा असो, आम्ही हिसकावून घेतला होता.

हे केवळ एका रुग्णेपुरते नाही. बेथ गर्शनी व सहकाऱ्यांनी २००२ साली नोंदविले की ओसीडीसोबत आघातोत्तर ताणविकार असलेल्या रुग्णांना केवळ ओसीडीच्या वर्तनचिकित्सेचा लाभ तुलनेने कमी होतो. २००३ सालच्या त्यांच्या रुग्णवृत्तांत तर कृती कमी होत गेल्या तसतशा आघाताच्या आठवणी वाढत गेल्याचे दिसते.

प्रश्नपरीक्षा व सापेक्ष निदान

आघाताची पुनःपुन्हा उसळणारी आठवण आणि मंत्रचळातील विचार यांत भेद करावा. पहिल्यात घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा दिसतो. दुसऱ्यात प्रायः घडू शकेल अशा अनर्थाची शंका असते. पहिल्यात रुग्ण त्या जागा, त्या व्यक्ती टाळतो. दुसऱ्यात ठरावीक कृतीने शंका शमवू पाहतो. दुःस्वप्ने, दचकणे, भावना बधिर होणे, ही लक्षणे सोबत असल्यास आघाताचा विचार अवश्य करावा.

विचारण्याची भाषा साधी असावी. "हे कधीपासून सुरू झाले? त्याच्या आधी किंवा पूर्वी कधी मनाला मोठा धक्का बसेल असे काही घडले होते का? सांगायचे नसेल तर राहू द्या." एवढे पुरे. हे पती किंवा सासूबाई यांच्यादेखत विचारू नये. पहिल्याच भेटीत तपशील मागू नये. "धुतले नाही तर मनात काय येते?" हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा, 'जंतू लागतील' आणि 'त्याचा हात आठवतो' या दोन उत्तरांत चिकित्सेची दिशा बदलते. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे.

चिकित्सा

१. सत्त्वावजय : अहित विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे सूत्र. मंत्रचळावर आज सर्वाधिक पुरावा असलेली वर्तनचिकित्सा याच सूत्राच्या जवळची आहे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर ती प्रथम वर्णिली. भीतीच्या वस्तूला रुग्णाने क्रमाक्रमाने सामोरे जावे व नेहमीची कृती करू नये, म्हणजे भीती सहन होते आणि अपेक्षित अनर्थही घडत नाही, हे त्याला अनुभवाने कळते. यात रुग्णाची संमती व क्रम हा प्राण आहे. मोरीला कुलूप लावणे म्हणजे ही चिकित्सा नव्हे. आघात सोबत असल्यास प्रथम सुरक्षितता व स्थैर्य साधावे, आघातावरील मानसोपचार आणि कृतिनिरोध यांची सांगड प्रशिक्षित तज्ज्ञाने घालावी.

चरकाचार्यांनी अतत्त्वाभिनिवेशात अनुकूल, विश्वासू सुहृदांनी रुग्णाला विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांची जोड द्यावी असे सांगितले आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. धैर्य देणे वेगळे आणि "हात स्वच्छ आहेत ना?" या प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा "आहेत" असे उत्तर देणे वेगळे. दुसरे हे आश्वासन नसून व्याधीला दिलेला आहार आहे. कुटुंबीयांना हे समजावून सांगावे व उत्तरे हळूहळू, रुग्णाच्या संमतीने कमी करावीत.

२. त्रासन वर्ज्य : उन्मादाच्या प्रकरणात दंतहीन सर्प, शिकविलेले हत्ती-सिंह, राजपुरुषांचा धाक, कोंडणे, ताडन इत्यादी उपाय सांगितलेले आहेत. आघात सोसलेल्या रुग्णात भय हाच हेतू असल्याने ते हेतुविपरीत तर नाहीतच, उलट हेतू वाढविणारे आहेत. शिवाय आजच्या कायद्याने व नीतीने ते सर्वथा निषिद्ध आहेत. त्याच अध्यायात भयज, शोकज अवस्थांत परस्परविरुद्ध भावांनी शमन करावे व इष्टवस्तूच्या नाशात सांत्वन करावे, असेही सांगितले आहे. आपण तो मार्ग धरावा.

३. युक्तिव्यपाश्रय : ब्राह्मी, शंखपुष्पी, मण्डूकपर्णी ही मेध्य द्रव्ये, कल्याणक घृत वा पंचगव्य घृत यांची योजना प्रकृती, अग्नी व बल पाहून सहायक म्हणून करावी. ओसीडीत केवळ यांवर विसंबावे एवढा पुरावा आज नाही, हे रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावे. एसएसआरआय गटातील औषधे वा क्लोमिप्रामिन यांचा परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. ती चालू असल्यास आपल्या सांगण्यावरून बंद करू नयेत. जटामांसीसारखी निद्राकर द्रव्ये शामक औषधांसोबत देताना सावधता बाळगावी. सर्पगंधा अशा रुग्णांत टाळावी, कारण तिने विषण्णता वाढू शकते.

४. पंचकर्म : हा विशेष आपला प्रांत असल्याने येथे आपली जबाबदारीही विशेष आहे. अभ्यंग, बस्ती, उत्तरबस्ती यांत स्पर्श व विवस्त्रता आहे; शिरोधारेत डोळे झाकून, हालचाल न करता बंद खोलीत पडून राहणे आहे. आघात सोसलेल्या देहाला या गोष्टी त्या प्रसंगाची आठवण करून देऊ शकतात. म्हणून प्रत्येक पायरी आधी सांगावी, संमती घ्यावी, समलिंगी परिचारक असावा, रुग्णाला हवी तर सोबत असू द्यावी आणि हात वर करताच कर्म थांबेल असा संकेत ठरवावा. नकार आल्यास तो अपथ्य समजू नये. तीक्ष्ण शोधन क्षीणसत्त्व रुग्णात टाळावे.

५. पथ्यापथ्य : आपली पथ्याची यादी मंत्रचळाच्या रुग्णाच्या हाती नवे कर्मकांड देऊ शकते. 'औषध बरोबर सात वाजता', 'इतकेच थेंब' अशा सूचना तो घड्याळ लावून, चमचा दहादा मोजून पाळतो व चुकले तर दिवसभर तळमळतो. म्हणून सूचना मोजक्या व सैल असाव्यात. "सकाळी नाश्त्यानंतर केव्हाही" असे म्हणावे. निद्रा, नियमित भोजन, उन्हात चालणे, मद्यवर्जन एवढ्यावर भर द्यावा.

६. पाठवणी : जीवाला धोका असल्यास, रुग्णाची जाणीव लुप्त असल्यास, अन्नपाणी सुटल्यास, गर्भावस्थेत किंवा बालवयात मनोविकारतज्ज्ञाकडे तत्काळ पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा समावेश मानसिक आरोग्य व्यावसायिकांत केला आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हा हक्क नातेवाइकांच्या आग्रहापुढे विसरता कामा नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात दर्शनी लावावा.

वरील रुग्णेला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठविले. औषध सुरू झाले. पहिले काही महिने कपाचा किंवा हातांचा विषयही न काढता झोप, श्वसन व मन स्थिर ठेवण्याचा अभ्यास झाला. त्यानंतर तिने स्वतः क्रम ठरविला व त्यात कप शेवटी ठेवला. आमच्याकडे त्वचा, अग्नी व निद्रा यांची चिकित्सा चालू राहिली. पतीला काय व किती सांगावयाचे, हे तिनेच ठरविले. दीड वर्षानंतर धुण्याचा वेळ चार तासांवरून पाऊण तासावर आला. व्याधी निःशेष गेला असे म्हणता येणार नाही. सणासुदीला, पाहुणे आले की तो डोके वर काढतो. परंतु हातांच्या भेगा भरून आल्या आहेत आणि गेल्या दिवाळीत तिने पाहुण्यांचे कप एकदाच धुऊन पालथे घातले, हे तिने आपण होऊन सांगितले.

समारोप

मनोभिघात हा मंत्रचळाचा सर्वत्र हेतू नाही. परंतु जेथे तो आहे तेथे त्याला वगळून केलेली चिकित्सा अपुरी ठरते व प्रसंगी घातकही होते. तो प्राधानिक, सन्निकृष्ट, विप्रकृष्ट की केवळ व्यभिचारी आहे, हे ठरविण्याची चौकट आपल्या शास्त्राने दिलेली आहे. आधुनिक मानसशास्त्राने त्या चौकटीत भरण्यासाठी निरीक्षणे दिली आहेत. दोहोंचा मेळ घालणे वैद्याच्या हाती आहे. भेगाळलेले हात घेऊन पुढचा रुग्ण आला की लेप लिहून देण्यापूर्वी वैद्यबंधू-भगिनींनी त्या हातांना दिवसातून किती वेळा पाणी लागते, एवढे अवश्य विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे, ही विनंती.